दारावरची पाटी

‘शिक्षा’ हा एकच शब्द कोऱ्या कागदावर लिहावा आणि तो तीन माणसांपुढे ठेवून पाहावा. मराठी शाळेतला मुलगा तो वाचून चटकन हात मागे घेईल. कारण त्याच्या भाषेत शिक्षा म्हणजे छडी, अंगठे धरून उभे राहणे, नाहीतर एकच ओळ शंभर वेळा लिहून काढणे. हिंदी मुलुखातला गृहस्थ तोच शब्द वाचून आपल्या मुलाचे नाव शाळेत घालण्याच्या विचाराला लागेल. त्याच्याकडे शिक्षा म्हणजे विद्या, शिक्षण. आणि वेदपाठशाळेतले शास्त्रीबुवा म्हणतील, शिक्षा हे सहा वेदांगांपैकी एक. वर्णांचा उच्चार कसा करावा ते सांगणारे शास्त्र. अक्षरे तीच, काना-वेलांटी तीच, शाईही तीच. कागदाने कोणालाच खोटे सांगितलेले नाही. त्याने एवढेच सांगितलेले नाही की, हा शब्द कोणत्या घरचा.

एरवी हे सांगावे लागत नाही. पुस्तक हाती घेतले की मुखपृष्ठ बोलते, शेजारचे वाक्य बोलते, पुस्तक कोणी दिले तेही बोलते. माणूस माणसाला चालीवरून ओळखतो, तसा वाचक भाषेला ओळखतो. पण आज आपण जे वाचतो त्यातले पुष्कळसे फोनच्या नाहीतर संगणकाच्या पडद्यावर वाचतो, आणि तेथे वाचक व मजकूर यांच्यामध्ये एक तिसरा प्राणी येऊन बसलेला असतो. तो म्हणजे यंत्र. ते अक्षरे मांडते, ओळी मोडते, शुद्धलेखन तपासते, भाषांतर करते आणि कित्येकांना मजकूर मोठ्याने वाचूनही दाखवते. या प्राण्याला घरचे-परके कळत नाही. त्याला पाटी दाखवावी लागते. पानावरचा मजकूर कोणत्या मानवी भाषेत आहे हे यंत्राला सांगणारी ही पाटी हाच माझा आजचा विषय आहे.

दिवाळी अंकातल्या समीक्षेच्या पानावर हा विषय पाहून काही वाचक कपाळाला आठ्या घालतील. फराळाच्या ताटात हा खिळे-मोळे कसले, असेही कोणी विचारील. मी काही संगणकशास्त्री नव्हे. मी शाळामास्तर आहे आणि सवड मिळेल तशा कादंबऱ्या लिहितो. पण समीक्षेचा अगदी पहिला प्रश्न कोणता? कथानक नव्हे, पात्रे नव्हेत. ‘हे कोणत्या भाषेत बोलते आहे, आणि ते कसे ऐकायचे?’ हाच तो प्रश्न. दुसरे सगळे प्रश्न त्याच्या मागून येतात. तेव्हा ज्या पाटीवर या पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहायचे असते, ती कारागिराची बाब म्हणून साहित्यिकाने सोडून द्यावी हे मला पटत नाही.

पाटी कशी असते ते आधी सांगतो. आंतरजालावरचे पान ‘एचटीएमएल’ नावाच्या खुणांनी बांधलेले असते. आपल्याला दिसतो तो मजकूर. त्याच्या मागे ‘हा मथळा’, ‘हा परिच्छेद’, ‘हे चित्र’ अशा खुणा लपलेल्या असतात. त्यांतच ‘लँग’ नावाची एक खूण आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत ती नव्हती. जानेवारी १९९७ मध्ये जगातल्या सर्व भाषांची सोय पाहणारा एक प्रस्ताव आला, त्यात ती होती. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात चौथ्या आवृत्तीबरोबर ती रीतसर रूढ झाली. मराठीसाठी या पाटीवर दोन रोमन अक्षरे लिहायची: एम आणि आर. इंग्रजीत हीच अक्षरे पुरुषाच्या नावाआधी लागून ‘मिस्टर’ होतात. तेव्हा आपली मायबोली यंत्राच्या दारी काहीशी पुरुषी थाटात उभी असते, असे म्हणायला हरकत नाही. हिंदीची खूण एच-आय, संस्कृतची एस-ए, इंग्रजीची ई-एन. कोकणीच्या वाट्याला तीन अक्षरे आली आहेत, के-ओ-के.

पाटीचा नियम साधा आहे. ती पानाच्या अगदी वरच्या खुणेवर लावली की सारे पान त्या भाषेचे ठरते. मग आत एखादा परिच्छेद, एखादे वाक्य किंवा एखादा शब्द दुसऱ्या भाषेचा असेल, तर तेवढ्यापुरती वेगळी पाटी लावायची. घराच्या दारावर एक नाव आणि माडीवरच्या भाडेकरूच्या दारावर दुसरे, तसेच. जवळच्या दारावर जे नाव असेल ते खरे. तेथे काही नसेल तर मुख्य दारावरचे खरे. चाळीत वाढलेल्या माणसाला याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आता या पाटीवाचून काय अडते? पहिल्याने अडते ते कानाचे. दृष्टी नसलेले किंवा अधू झालेले वाचक पडदावाचक यंत्राकडून मजकूर वाचून घेतात. फोनमध्ये ती सोय असते. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’सारखे विनामूल्य साधनही आहे. या साधनांत प्रत्येक भाषेचा आवाज निराळा असतो आणि त्या आवाजाबरोबर उच्चाराचे नियमही निराळे. पान पाटी दाखवते आणि त्या भाषेचा आवाज बसवलेला असला, तर यंत्र तो उचलते. पाटी नसली तर ते आपल्या नेहमीच्या आवाजात रेटून वाचते. पाटी खोटी असली तर मात्र ते मोठ्या इमानाने चुकीचा आवाज उचलते. आणि यंत्राचा इमानीपणा किती महाग पडतो हे ज्याला भोगावे लागते त्यालाच कळते.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. पुढे आजारात त्याची दृष्टी गेली. आता फोनवर ऐकून ऐकून तो माझ्याहून अधिक वाचतो. माझी एक ग्रामीण कथा एका संकेतस्थळाने पुन्हा प्रसिद्ध केली होती, ती त्याने ऐकली आणि मला फोन केला. म्हणाला, “गुरुजी, गोष्ट चांगली आहे, पण तुमचा ज्ञानू आपल्या गावचा राहिला नाही हो. तो ग्यानू झालाय.” चौकशी केल्यावर कळले की, त्या स्थळाच्या सगळ्याच पानांवर हिंदीची पाटी होती. अक्षरे देवनागरी, मजकूर मराठी, आवाज मात्र हिंदी. ज्ञानूचा ग्यानू झाला, ‘कृपा’ची ‘क्रिपा’ झाली, पैसा आपल्या तोंडी दोन स्वरांचा असतो तो एका पसरट स्वराचा झाला. नायकाचे वय पंचवीस म्हणून मी २५ हा आकडा घातला होता. तो ‘पच्चीस’ असा ऐकू आला. मी त्या मंडळींना कळवले. त्यांनी दोन अक्षरे बदलली आणि ज्ञानू परत गावी आला.

यातली आकड्याची गोष्ट मला फार शिकवून गेली. शब्दावर निदान त्याच्या भाषेचा काही वास असतो. आकड्यावर तोही नसतो. ५९ हा आकडा मराठीत एकोणसाठ, हिंदीत उनसठ, इंग्रजीत आणखी तिसराच. आकडा स्वतः मुका आहे. त्याला वाचा येते ती पाटीतून. ज्या वाचकाला डोळे आहेत तो आकडा पाहतो आणि मनातल्या मनात आपल्या भाषेत बोलतो. पण ज्याला तो ऐकायचाच आहे, त्याच्यासाठी कोणीतरी भाषा आधी ठरवलेली असावी लागते. ती लेखकाने ठरवली नाही तर यंत्र ठरवते.

डोळ्यांचेही अडते, फक्त ते लवकर लक्षात येत नाही. मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांचे वळण एक नाही, आणि ‘श’चेही नाही. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची रूपे आपण बालवर्गात फळ्यावर गिरवून घेतो. पण संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात ‘ल’ला एकच क्रमांक आहे, २३५४. तो अक्षराचा क्रमांक आहे, भाषेचा नव्हे. मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी, संस्कृत या साऱ्यांचा ‘ल’ त्याच क्रमांकाच्या खुर्चीवर बसतो. चांगल्या टंकांत दोन्ही वळणे घडवलेली असतात. कोणते पुढे करायचे हे टंक पाटी पाहून ठरवतो. पाटी नसेल तर तुमच्या मुलाच्या मराठी धड्यात हिंदी वळणाचा ‘ल’ येतो आणि मूल विचारते, “बाई, पुस्तकातला ल खरा की फळ्यावरचा?” बाई बिचाऱ्या काय सांगणार! आकाश कोसळत नाही हे खरे. पण वर्षानुवर्षे परक्या वळणाचे अक्षर डोळ्यांपुढे राहिले, म्हणजे आपले वळणच चुकीचे वाटू लागते, हेही तितकेच खरे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो टाकाऊ नाही. ‘अहो, यंत्रे आता हुशार झाली आहेत, मजकूर पाहून भाषा ती आपणच ओळखतात.’ ओळखतात, नाही असे नाही. ‘गूगल’ हे शोधयंत्र तर उघडच सांगते की, पानाची भाषा ठरवताना आम्ही या पाटीकडे पाहतच नाही. दिसणाऱ्या मजकुरावरूनच ठरवतो. एवढे मोठे दुकान पाट्या वाचत नाही, मग आपण त्या रंगवत का बसावे?

याचे उत्तर असे की, ओळखणे आणि सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा परिच्छेदांचा मजकूर असेल तर त्यातल्या ‘आहे’ आणि ‘है’ यांच्या संख्येवरूनही काम भागेल. पण ‘सुंदर संसार’ असे दोनच शब्द मथळ्यात असले तर? हिंदीत ते सुंदर जग झाले, मराठीत नवरा-बायकोचे नीटनेटके घर. ‘चेष्टा’ हा एकच शब्द बटणावर असला तर? हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. यंत्राचा तर्क लांब मजकुरावर चालतो आणि एकुलत्या शब्दापाशी अडखळतो. आणि भाषेची खरी गरज नेमकी एकुलत्या शब्दापाशी लागते. शिवाय तर्क कितीही अचूक असला तरी तो तर्कच. पाहुण्याने अंगणातल्या चपलांवरून घर ओळखले म्हणून दारावर नाव लिहू नये असे कोणी म्हणत नाही. पाटी हे लेखकाचे स्वतःचे विधान आहे. ‘हे मी मराठीत लिहिले आहे’ असे म्हणण्याचा पहिला हक्क लिहिणाऱ्याचा. यंत्राने त्याची जागा अंदाजाने का भरावी?

या हक्काकडे आपण किती लक्ष देतो? अमेरिकेतील युटा राज्याच्या विद्यापीठात ‘वेबएम’ नावाची एक संस्था आहे. ती २०१९ सालापासून दरवर्षी जगातल्या दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासते. पहिल्या वर्षी शेकडा सुमारे ३३ पानांवर भाषेची पाटीच नव्हती. २०२४ साली हे प्रमाण शेकडा सुमारे १७ वर आले. सुधारणा मोठी आहे, आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. पण या मोजणीतून एक गोष्ट निसटते. दारावर पाटी आहे की नाही हे यंत्राला मोजता येते. पाटीवरचे नाव आत राहणाऱ्याचेच आहे की नाही, हे ते सहसा तपासत नाही. तयार साचा आणायचा, त्यावर इंग्रजीची पाटी आधीच ठोकलेली असायची, आणि आत मराठी मजकूर भरायचा, असे पान अशा मोजणीत उत्तीर्ण होते. इंग्रजी आवाजापुढे देवनागरी अक्षरे आली म्हणजे तो कधी गप्प बसतो, कधी एकेका अक्षराचे नाव घेत सुटतो. ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पाटी नसण्याहून खोटी पाटी वाईट, हे आमच्या गावच्या पोस्टमनलाही माहीत आहे.

खोट्या पाट्यांत गमतीच्याही पुष्कळ आहेत. कोणी भाषा लिहायच्या जागी देश लिहितो. ‘आपण भारतातले, मग आय-एन लिहू’ असा भोळा हिशेब. पण भाषांच्या यादीत आय-एन ही इंडोनेशियाच्या भाषेची जुनी खूण होती; १९८९ साली ती रद्द होऊन आय-डी आली. म्हणजे देशाभिमानाने लावलेली पाटी आपल्याला थेट जावा-सुमात्रेला नेऊन सोडते. उलट देशांच्या यादीत एम-आर शोधाल तर तेथे आफ्रिकेतला मॉरिटानिया भेटेल. भाषांची यादी निराळी, देशांची निराळी. भाषा निवडण्याच्या जागी झेंड्यांची चित्रे लावणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न आहे: मराठीसाठी कोणता झेंडा लावणार? आणि तोच झेंडा तमिळसाठी, बंगालीसाठी लावलात तर वाचकाने ओळखायचे कशावरून?

याहून सूक्ष्म असा एक घोटाळा आहे, आणि तो समीक्षकाच्या फार ओळखीचा आहे. पान कोणासाठी आहे आणि पान कोणत्या भाषेत आहे, या दोन प्रश्नांची गल्लत होते. मराठी मुलांसाठी लिहिलेले संस्कृतचे पहिले पुस्तक घ्या. ते मराठी वाचकांसाठी आहे. त्यातले स्पष्टीकरण मराठीत आहे. पण ‘रामः वनं गच्छति’ हे वाक्य संस्कृत आहे. पुस्तक मराठी मुलांसाठी म्हणून त्या वाक्यावर मराठीची पाटी लावाल, तर यंत्र ते मराठी वळणाने वाचील आणि मूल विसर्ग कधीच ऐकणार नाही. वाचकवर्ग एकाहून अधिक भाषांचा असू शकतो. मजकुराच्या एका तुकड्याची भाषा मात्र एकच असते. जाणत्यांनी या दोन गोष्टी सांगण्याच्या जागाच वेगळ्या ठेवल्या आहेत. आपल्या टीकालेखांतही हा भेद पाळला गेला असता, तर ‘खेड्यातल्या लोकांविषयी लिहिलेले’ आणि ‘खेड्यातल्या भाषेत लिहिलेले’ यांची इतकी सरमिसळ झाली नसती.

येथून पुढे विषय पुरता साहित्याच्या अंगणात येतो. ज्ञानेश्वरीची छापील प्रत आपण सर्वांनी हाताळली आहे. आधी गीतेचा श्लोक, मग त्यावरच्या ओव्या. दोन्ही देवनागरीत. छापणाऱ्याने श्लोक ठळक टंकात घेतला की डोळ्याला पुरते. आता हीच प्रत पडद्यावर आणायची आहे. श्लोकावर संस्कृतची पाटी लागली, हे सोपे झाले. ओवीवर कोणती? ‘मराठीची’, असे आपण पटकन म्हणू. पण भाषांच्या यादीत जुन्या मराठीला स्वतंत्र खूण आहे, ओ-एम-आर. शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची ती ओवी आजची मराठी म्हणून मांडायची की जुनी मराठी म्हणून? जुनी म्हणाल तर शुद्धलेखन तपासणारे यंत्र ज्ञानेश्वरांच्या शब्दांखाली तांबड्या रेघा ओढायचे थांबेल. पण त्या खुणेचा आवाज फोनात बसवलेला नसेल तर ऐकणाऱ्याची पंचाईत होईल. आजची म्हणाल तर ओवी कानी पडेल, पण सात शतकांचे अंतर पुसले जाईल. दोन्ही बाजूंना सत्य आहे. निर्णय करावाच लागतो, आणि तो निर्णय तंत्राचा नाही. आपल्या साहित्याचा इतिहास आपण कसा समजतो, त्याचा तो आहे.

फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रोमन अक्षरांत छापले गेले. लिपी रोमन, काव्य मराठी. डोळ्यांनी पाहून भाषा ठरवणाऱ्याला येथे चकवा बसतो. पाटीच्या रचनेत मात्र याची सोय आहे: भाषेच्या खुणेला लिपीची खूण जोडता येते. रोमन लिपीतली मराठी, मोडी लिपीतली मराठी असे स्पष्ट सांगता येते. २०१४ साली मोडीला जागतिक अक्षरसंचात जागा मिळाल्यापासून दफ्तरातला मोडी कागद मोडीतच पडद्यावर मांडणे शक्य झाले आहे. लिपी म्हणजे अंगरखा आणि भाषा म्हणजे माणूस, हे आपण तोंडाने पुष्कळदा म्हणतो. या लहानशा पाटीने ते लेखी मान्य केले आहे.

सर्वांत अवघड जागा आहे ती बोलीची. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्यांच्या बोलीला कोणी अहिराणी म्हणतात, कोणी लेवा गणबोली, कोणी खानदेशी वळणाची मराठी. यादीत अहिराणीला स्वतंत्र खूण आहे, वऱ्हाडीलाही आहे. मग बहिणाबाईंच्या पानावर काय लिहावे? अहिराणी लिहिले तर लेवा मंडळी रास्त हरकत घेतील. नुसते मराठी लिहिले तर बोलीचा वेगळेपणा प्रमाणभाषेच्या पदराखाली झाकला जाईल. मराठीच्या खुणेला खाजगी जोड देऊन बोलीचे नाव लिहिण्याची मुभाही नियमांत आहे, आणि मला विचाराल तर मी ती वाट धरीन: घर मराठीचे, खोलीवर बोलीचे नाव. तीत आपलेपणाही राहतो आणि ओळखही. कोणी वेगळा निर्णय करील तर त्याच्याशी वाद घालायला मला आवडेल. बोलीचे नाव काय, हा प्रश्न आपण परिसंवादांत टोलवत आलो आहोत. पाटी म्हणते, एक काहीतरी लिहा आणि त्याची जबाबदारी घ्या.

आता दुसऱ्या टोकाचेही सांगितले पाहिजे. पाट्यांचे वेड लागले तर प्रत्येक शब्दाच्या गळ्यात ती अडकवावीशी वाटेल. ‘त्याने टेबलावरचा पेन घेतला’ या वाक्यात टेबल इंग्रजी, पेन इंग्रजी. दोघांना वेगळी पाटी लावावी काय? मुळीच नाही. ‘टेबलावरचा’ या शब्दाला मराठी प्रत्यय लागला त्या दिवशीच तो आपल्यात जेवायला बसला. डिसेंबर २००८ मध्ये जाहीर झालेल्या सुगमतेच्या जागतिक नियमांतही हेच म्हटले आहे. सबंध पानाची भाषा सांगावी हा त्यातला पहिल्या पायरीचा नियम. आतल्या परभाषी तुकड्यांची भाषा सांगावी हा दुसऱ्या पायरीचा. मात्र विशेषनामे, पारिभाषिक शब्द, ज्यांची भाषा ठरवता येत नाही असे शब्द, आणि भोवतालच्या भाषेत मुरलेले शब्द यांना त्यातून सूट आहे. हे ‘मुरणे’ कोणी ठरवायचे? कोश ठरवतील तेव्हा ठरवोत. रोज लिहिताना ते लेखकच ठरवतो. पात्राच्या तोंडी ‘सॉरी’ हा शब्द मुरलेला आहे की तो मुद्दाम इंग्रजीचा तोरा मिरवतो आहे, हे कादंबरीकारावाचून कोण सांगणार? पहिल्या ठिकाणी पाटी नको, दुसऱ्या ठिकाणी ती हवी. कारण तेथे आवाज बदलणे हाच प्रसंगाचा अर्थ आहे.

पाटीकडून नको त्या अपेक्षाही करू नयेत. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी एका ‘ज’ने उच्चारतात आणि ‘सुखाने जग’ म्हणताना दुसऱ्या. ‘चूल’ आणि ‘चिंच’ यांतले ‘च’ वेगळे. हे भेद मराठीच्या पोटातले आहेत. मराठीची पाटी लावल्याने ते आपोआप उमगत नाहीत. त्यासाठी उच्चारकोश हवेत, चांगले आवाज हवेत, आणि ते घडवणारी, मराठी कानाची माणसे हवीत. पाटी एवढेच करते की, ते चांगले आवाज जेव्हा येतील तेव्हा त्यांना योग्य दार सापडेल. पत्ताच लिहिलेला नसला तर उत्तम पाहुणाही गल्लीत हिंडत राहतो.

हे सारे मराठीच्या बाबतीत अधिक निकडीचे का, हेही सांगून टाकतो. लिपीवरूनच ओळखू येणाऱ्या भाषांना पाटी थोडी कमी लागते. तमिळ लिपी दिसली की यंत्राची वाट सहसा चुकत नाही. मराठीने मात्र आपली लिपी हिंदीसारख्या थोरल्या बहिणीबरोबर वाटून घेतली आहे. एकाच वाड्यात दोघी राहतात. टपाल नावनिशीवाचून आले तर ते साहजिकच थोरलीच्या हाती पडते. यात थोरलीचा दोष नाही आणि तिच्याशी भांडणही नाही. धाकटीने आपल्या दारावर नाव लिहायला हवे, एवढेच.

म्हणून माझे प्रकाशकांना, संपादकांना आणि विशेषतः माझ्या लेखकबंधूंना व भगिनींना सांगणे आहे की, मजकूर पडद्यावर जाण्यापूर्वी मुद्रिते तपासता तशी ही पाटीही तपासा. कथा देताना चार शब्दांची चिठ्ठी जोडा: मजकूर मराठी, अमुक परिच्छेद हिंदी, अमुक श्लोक संस्कृत. ऱ्हस्व-दीर्घासाठी आपण संपादकाशी तावातावाने भांडतो, ते योग्यच आहे. मग साऱ्या कथेचा उच्चार जिच्यावर अवलंबून आहे त्या दोन अक्षरांविषयी गप्प का राहावे? घरातल्या तरुण मंडळींना हे काम करायला फार वेळ लागत नाही. कोणते नाव लिहायचे ते सांगणारा जाणता माणूस मात्र त्यांच्या शेजारी बसायला हवा.

दिवाळीत आपण घर झाडतो, भिंतींना रंग देतो, उंबऱ्यावर रांगोळी घालतो. दारावरच्या पाटीवरची अक्षरे पुसट झाली असतील तर तीही याच दिवसांत उजळून घेतो, कारण येणारा जाणारा ती वाचतो. भाषेच्या दारीही काही माणसे येऊन उभी असतात. त्यांच्यातल्या कित्येकांना पाटी दिसत नाही. ती त्यांना ऐकूच येते, आणि तीही आतल्या प्रत्येक शब्दाच्या उच्चारातून. त्यांच्यासाठी ती खरी लिहिलेली असावी.